लाडू, दूध आणि वजनकाटा

“अंगावर पाजतेस ना? मग वजनाची काळजी कशाला? सहा महिन्यांत आपोआप उतरेल.”

बारशाला आलेल्या मावशीपासून प्रसूतिगृहातल्या सिस्टरपर्यंत सगळ्या जणी नव्या आईला हे सांगतात, आणि मनापासून सांगतात. पुढे बाळ पाच महिन्यांचं होतं, दूध भरपूर असतं, बाळाने छान बाळसं धरलेलं असतं, आणि काटा मात्र जागचा हलत नाही. मग कुणी गुपचूप रात्रीचं जेवण सोडते, कुणी ‘नाहीतरी काय उपयोग’ म्हणत पाजणं कमी करते. ते आश्वासन मुळात कितपत खरं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझी मामेबहीण गौरी हिच्या घरी याच गोष्टीवरून तिच्या नवऱ्याची आत्या आणि नणंद शलाका यांचा वाद झाला. आत्या वाळवा तालुक्यात परिचारिका होत्या, सगळी नोकरी खेड्यापाड्यांतली बाळंतपणं करण्यात गेली. शलाका पुण्यात आहारतज्ज्ञ आहे. गौरी पिंपरीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते, बाळंतपणाची रजा संपत आली आहे. गरोदरपणात तेरा किलो वाढले, त्यातले सात अजून अंगावर आहेत. दोघींपैकी एकीचंही म्हणणं सहज बाजूला सारावं असं नव्हतं, म्हणून ते जसं झालं तसं मांडते आहे.

वादाला तोंड फुटलं ते डिंकाच्या लाडवावरून. आत्यांनी गावाहून डबा भरून आणला होता. तुपात फुलवलेला डिंक, खारकेची पूड, भाजलेलं खोबरं, खसखस, गोडंबी, गूळ. शलाकाने त्यातला एक उचलून ओट्यावरच्या छोट्या काट्यावर ठेवला. बावन्न ग्रॅम.

आत्या: लाडू कसला मोजतेस? बाळंतिणीच्या तोंडातला घास मोजू नये गं.

शलाका: घास मोजत नाही आत्या, हिशेब मांडतेय. एवढ्या लाडवात अडीचशे कॅलरी सहज आहेत. गौरी सकाळी दोन खाते. दुपारी अळिवाची खीर, रात्री भातावर जास्तीचं तूप. आठशेच्या वर गेलं हे सगळं, आणि नेहमीचं जेवण वेगळंच.

आत्या: आणि दिवसरात्र पाजते ते?

शलाका: तेही मांडते. दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध धर. शंभर मिलीलिटरमध्ये पासष्ट ते सत्तर कॅलरी, म्हणजे बाळाच्या पोटात पाचशेच्या आसपास जातात. दूध तयार करायला शरीराला वेगळा खर्च येतो. म्हणून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था पहिल्या सहा महिन्यांत रोज सहाशे कॅलरी जास्तीच्या सांगते आणि पुढच्या सहा महिन्यांत पाचशेवीस. सहाशेची गरज आणि आठशेचा भरणा. वजन उतरणार कुठून?

आत्या: पण ते खाल्लं नाही तर दूध कुठून यायचं? अळीव, डिंक, शतावरी यांनीच पान्हा फुटतो. पिढ्यान् पिढ्या बघत आलोय आम्ही.

शलाका: दूध येतं ते बाळाने ओढल्यामुळे. जितकं रिकामं होईल तितकं तयार होतं. आफ्रिकेत गांबियामध्ये पाजणाऱ्या बायकांना जास्तीचा पोषक आहार देऊन बघितला होता, दूध वाढलं नाही. आपल्याकडे डॉक्टर गोपालन यांनी १९५० च्या दशकात गरीब घरच्या बायकांचं दूध मोजलं. त्यांना खायला धड मिळत नव्हतं, तरी दूध बऱ्यापैकी निघालं.

आत्या: हे मला सांगू नकोस, मी बघितलंय. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका. महिन्याचं पोर फडाच्या कडेला झोळीत, आई कोयता घेऊन आत. अंगावर मांस नाही, नखं पांढरी फटक, आणि पोराला दूध पुरतंय. पुस्तकात लिहिलंय की दूध कमी होत नाही. पण ते येतं कुठून? तिच्या हाडांतून, तिच्या रक्तातून. दूध शाबूत राहतं आणि बाई झिजते. तिसऱ्या पोराच्या वेळी तीच बाई माझ्याकडे पाच-सहा ग्रॅमचं हिमोग्लोबिन घेऊन यायची.

शलाका गप्प झाली, कारण हे खरं होतं. पाजण्याच्या काळात आईच्या हाडांतलं कॅल्शियम तीन ते पाच टक्क्यांनी कमी होतं, आणि पाजणं थांबल्यावर बहुतेकींच्या बाबतीत ते भरून निघतं. पण ज्या बाईला दोन बाळंतपणांमध्ये भरून काढायला वेळ आणि अन्न मिळत नाही, तिचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सत्तावन्न टक्के बायकांना रक्तक्षय होता. त्याच सर्वेक्षणात चोवीस टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. हे दोन आकडे एकाच देशातले आहेत, कधी कधी एकाच घरातले, आणि एकाच बाईच्या अंगात दोन्ही असू शकतं. आत्या पहिल्या आकड्याच्या बाजूने बोलत होत्या, शलाका दुसऱ्याच्या.

आत्या: आणखी एक सांगते, राग मानू नकोस. आमच्या आयांना जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं मिळायचं. भाकरीचा शेवटचा तुकडा, भाजीचं तळाचं पाणी. सबंध आयुष्यात सव्वा महिना असा यायचा, की घर तिला आधी वाढायचं. तूप तिच्या ताटात, अंगाला तेल, डोक्याला फडकं, कुणी हातात बाळ आणून देतंय. तू लाडू काट्यावर ठेवतेस तेव्हा मला त्या सव्वा महिन्यावर हात पडल्यासारखं वाटतं.

शलाका: सव्वा महिन्याला माझा हात लागणारच नाही आत्या. त्या वेळी खाऊ दे, झोपू दे, काट्याचं नावही नको. पण गौरीचा सव्वा महिना कधीच संपला. पाचवा महिना चाललाय. तुझ्या आईने पाचव्या महिन्यात तुला लाडू दिले होते?

आत्या जरा थांबल्या.

आत्या: नाही. सव्वा महिना झाला की डबा बंद. मग बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी. आणि पाणी विहिरीवरून.

शलाका: तेच तर म्हणतेय मी. डबा तसाच राहिला आणि विहीर गेली.

गौरी इतका वेळ बाळाला घेऊन बसली होती. तिने विचारलेला प्रश्न मला सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गौरी: मग मला सगळ्यांनी सांगितलं ते खोटंच होतं का? पाजल्याने काहीच उतरत नाही?

आत्या: खोटं कसं असेल? मी हाताने बघितलंय. बाळंतीण मोकळी झाली की गर्भाशय बेंबीपाशी लागतं, कडक चेंडूसारखं. रोज एक-एक बोट खाली जातं. दहा-बारा दिवसांनी पोटावरून हाताला लागेनासं होतं. जी पाजते तिच्या पोटात पाजताना कळ येते बघ, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला तर चांगलीच जोराची. ती कळ म्हणजे गर्भाशय आवळतंय. रक्तस्राव आटोक्यात येतो. पाजणाऱ्या बाईचं पोट आत जातं म्हणतात ते यावरून.

शलाका: आणि ते शंभर टक्के खरं आहे. बाळाने ओढलं की ऑक्सिटोसिन सुटतं, दूधही त्यानेच उतरतं आणि गर्भाशयही त्यानेच आकसतं. बाळंतपणाच्या वेळी एक किलोचं गर्भाशय सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. बाळ, वार, पाणी धरून पाच-सहा किलो त्याच दिवशी जातात, अंगात साठलेलं पाणी पुढच्या दोन आठवड्यांत. पण गौरी, हे झाल्यावर जे उरतं ती चरबी असते. गरोदरपणात शरीराने तीन-चार किलो चरबी मुद्दाम साठवलेली असते, याच दुधासाठी. ती पाजण्याने वापरली जाते की नाही, हे तू काय खातेस, किती हलतेस, किती झोपतेस यावर ठरतं. डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीत जास्त काळ पाजणाऱ्या बायकांचं वजन सहाव्या महिन्यात थोडं जास्त उतरलेलं दिसलं. दुसऱ्या अनेक अभ्यासांत फरक जवळजवळ दिसलाच नाही. म्हणजे मदत होते, थोडी होते, आणि प्रत्येकीला होईलच असं नाही.

गौरी: मग मला इतकी भूक का लागते? रात्री दोनला उठून मी बिस्किटं खाते. लाज वाटते मला त्याची.

शलाका: लाज कसली? दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन भूकही वाढवतं. शरीराला जेवढं दुधात द्यायचं असतं तेवढं ते तोंडाने मागून घेतं, आणि तू मोडून मोडून झोपतेस तेव्हा आणखी मागतं. अमेरिकेत एका अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचं असताना पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या आयांचा वर्षभरानंतर पाच किलो वा जास्त वजन अंगावर राहण्याचा धोका सात तास झोपणाऱ्यांच्या तिप्पट निघाला.

आत्या: हे बोललीस ते लाखाचं. रात्री हिचा नवरा काय करतो?

गौरी: झोपतो. सकाळी ऑफिस असतं ना त्यांना.

आत्या: हिलाही आता ऑफिस आहे.

मला विचाराल तर ‘पाज म्हणजे बारीक होशील’ हे सांगणं आता थांबवायला हवं. पाजण्यासाठी पुरेशी कारणं आहेत. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षं किंवा जास्त वरच्या अन्नाबरोबर पाजायला सांगते, ती बाळाच्या आणि आईच्या आरोग्यासाठी. आईला स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगापासून त्यातून काही संरक्षण मिळतं. या यादीत कंबरेचा घेर घुसवला की पुढचा सौदा ठरलेलाच असतो: घेर कमी झाला नाही तर पाजणं कशाला? मी अशा आया बघितल्या आहेत, ज्यांनी भूक मरावी म्हणून चौथ्या महिन्यात बाळाला पावडरच्या दुधावर टाकलं. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. चुकीच्या कारणासाठी तयार केलं होतं.

आत्यांनी मात्र इथून पुढची पायरी गाठली, आणि तिथे वाद खरा पेटला.

आत्या: म्हणून मी म्हणते, वजनाचं नावच काढू नका. वर्षभर. नट्या बाळंतपणानंतर तीन महिन्यांत सपाट पोटाचे फोटो टाकतात, ते बघून या पोरी रडतात. बाईने नऊ महिने पोटात वाढवलं, आता अंगावर वाढवतेय. तिचं पोट सुटलं तर कुणाचं काय बिघडलं?

शलाका: फोटोंसाठी कुणी बारीक होऊ नये, हे मान्य. पण माझ्याकडे ज्या येतात त्यांचं पोट बघून मला दिसायचं काही आठवत नाही, साखर आठवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने खूप लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. बारीक दिसणारी आणि आतून चरबी असलेली. ही ठेवण आपल्याबरोबर मोठी होते. म्हणून पाश्चात्त्यांत बीएमआय पंचविसापर्यंत चालतो, आपल्याकडे तेविसापासून जपायला सांगतात. बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेली की मधुमेहाचा धोका वाढायला लागतो. एका बाळंतपणाचे सात किलो राहिले, त्यावर दुसऱ्याचे सात चढले, की चाळिशीत गोळ्या सुरू. आणि गौरीला तर सातव्या महिन्यात साखर निघाली होती.

आत्या: ती बाळंतपणानंतर उतरली असेल.

शलाका: उतरली असेल. गौरी, सहा आठवड्यांनंतरची तपासणी केलीस ना? पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देतात ती.

गौरी: नाही. म्हणजे, कुणी सांगितलंच नाही. दवाखान्यात म्हणाले, बाळंतपण झालं की साखर आपोआप जाते.

शलाका: तू माहेरी नांदेडला होतीस, तिकडे करून घेतली असेल असं मी धरून चालले.

आत्यांचा चेहरा बदलला. इतका वेळ भाचीशी भांडणाऱ्या बाई एकदम वॉर्डातल्या झाल्या.

आत्या: सहा ते बारा आठवड्यांत करायची तपासणी पाच महिने झाले तरी नाही? या सोमवारी करायची. उपाशी पोटी एकदा आणि दोन तासांनी एकदा. नीट आली तरी दर एक-दोन वर्षांनी परत.

गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सातपट असतो. बाळाची पेढे-बर्फी वाटताना गरोदरपणातल्या तपासण्यांची फाइल कपाटात जाते आणि परत उघडत नाही. पाजण्याचा खरा मोठा फायदा कदाचित याच बायकांना आहे. कॅलिफोर्नियात गरोदरपणात मधुमेह झालेल्या हजारावर बायकांचा बाळंतपणानंतर दोन वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले: पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या बायकांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण पावडरच्या दुधावर बाळ वाढवणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास होतं. वजनाचा फरक वजा करूनही हा परिणाम शिल्लक राहिला. गौरीच्या काट्यावर जे दिसत नव्हतं, ते तिच्या रक्तात कदाचित घडत होतं.

आत्या: मग आता हिने करायचं काय? उपाशी राहू द्यायची नाही मी.

शलाका: मीही नाही. आजपासून लाडू रोज एक, तोही सकाळी पाजून झाल्यावर. अळीव ठेव, त्यात लोह आहे, पण खिरीत गूळ निम्मा. बिस्किटांऐवजी रात्री फुटाणे, उकडलेलं अंडं, ताक. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. भात-पोळी बंद करायची नाही, एक पोळी कमी केली तरी पुरे.

गौरी: ऑफिसमधल्या एकीने कीटो सांगितलंय. दोन महिन्यांत दहा किलो.

शलाका: अजिबात नाही. पाजणाऱ्या बाईने पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की रक्तात कीटोन साचून जिवावर बेतू शकतं. अशा बायकांना दवाखान्यात भरती करावं लागल्याच्या नोंदी आहेत. वजन कमी करायच्या गोळ्या, चूर्ण, चहा यातलं काहीही पाजताना नको. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून घाई नाही.

आत्या: आणि दूध?

शलाका: यावर नीट अभ्यास झालाय. अमेरिकेत २००० मध्ये वजन जास्त असलेल्या चाळीस पाजणाऱ्या आयांपैकी निम्म्यांचा आहार रोज पाचशे कॅलरींनी कमी केला आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तास व्यायाम दिला. दहा आठवड्यांत जवळजवळ पाच किलो उतरले आणि बाळांची वाढ दुसऱ्या गटातल्या बाळांइतकीच झाली. १९९४ मध्ये नुसत्या व्यायामाचा अभ्यास झाला होता. दूध कमी झालं नाही, त्याचा कस बदलला नाही. पण वजनही उतरलं नाही, कारण व्यायाम करणाऱ्या बायकांनी तेवढं जास्त खाल्लं.

आत्या: त्या बायका आधीच खाऊनपिऊन सुखी होत्या. माझ्या फडातल्या बाईला हे सांगशील का?

शलाका: नाही. तिला दोन्ही लाडू देईन आणि वर दूधही.

आत्यांना हे उत्तर हवं होतं असं मला वाटलं. सल्ला एकच आणि बायका शंभर प्रकारच्या, हे त्यांचं मूळ दुखणं होतं. शहरातल्या आहाराच्या तक्त्यांत ऊसतोड कामगारीण नसते, आणि गावच्या रूढींत खुर्चीवर बसून काम करणारी गौरी नसते.

शलाकाने आणखी एक गोष्ट काढली, ती मला नवी होती. आईने कॅलरी थोड्या कमी घेतल्या तर दुधाला फारसा धक्का लागत नाही, पण काही जीवनसत्त्वांचं तसं नाही. आईत बी-बारा कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी-बारा कमी आढळलं होतं. शाकाहारी घरात बारीक होण्यासाठी बाई सगळ्यात आधी दूध, दही, पनीर सोडते, कारण ‘त्यात फॅट असतं’. बी-बारा मिळण्याचं तिचं एकमेव दार तेच असतं. तान्ह्या बाळाला बी-बारा मिळालं नाही तर त्याची वाढ खुंटते, मान धरणं-बसणं मागे पडतं, काहींना कंप सुटतो. गौरी शाकाहारी आहे, फक्त अंडं खाते. तिला आहारातून काय काढायचं याआधी काय काढायचं नाही हे सांगायला हवं होतं, आणि आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पोटाचा विषय गौरीनेच काढला. आत्यांनी मऊ नऊवारीची पट्टी करून आणली होती, पोट बांधायला.

शलाका: पट्ट्याने चरबी जात नाही आत्या.

आत्या: जात नाही, माहीत आहे. पण कंबरेला आधार मिळतो, बाई ताठ बसून पाजते. आणि तू आधी हिचं पोट बघ तरी.

शलाकाने गौरीला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि मान उचलायला सांगितली. बेंबीच्या वर मध्यभागी बोटं आडवी ठेवली. दोन बोटं सहज आत गेली, तिसऱ्याला थोडी जागा होती. आत्यांनीही हात लावून बघितला आणि मान हलवली. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात बाजूला सरकतात, ते अजून जवळ आले नव्हते. गौरी ज्याला चरबी समजत होती त्यातलं बरंचसं हे होतं. व्हिडिओ बघून ती रोज सिट-अप्स आणि क्रंचेस करत होती, त्याने ही फट कमी होण्याऐवजी पोट आणखी बाहेर ढकललं जाऊ शकतं. दोघींनी मिळून तिला दुसरं शिकवलं: श्वास सोडताना बेंबी पाठीकडे ओढायची, लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळायचे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. फट तशीच राहिली तर फिजिओथेरपिस्टकडे. या एका बाबतीत त्यांचा वाद झालाच नाही. एकीला ते हातांनी माहीत होतं, दुसरीला शास्त्राने.

मग नोकरीचा विषय निघाला. गौरीला वाटत होतं की ऑफिस सुरू झालं की धावपळ वाढेल आणि वजन आपोआप जाईल.

शलाका: उलटं होतं बहुतेक वेळा. बाळ सहा महिन्यांचं झालं की वरचं अन्न सुरू, तू नऊ तास बाहेर, पाजणं निम्म्यावर येईल. दुधात जाणाऱ्या कॅलरी कमी होतील आणि भूक मात्र सवयीने तेवढीच राहील. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चार वाजता वडापाव. माझ्याकडच्या कित्येकींचं वजन बाळ आठ-दहा महिन्यांचं असताना वाढलंय.

आत्या: पाजणं निम्म्यावर का येईल? कंपनीत पाळणाघर नाही?

गौरी: माहीत नाही. विचारलं नाही कधी.

आत्या: २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन वेळा वेगळी सुट्टी, हे तर १९६१ च्या कायद्यापासून आहे. आमच्या संघटनेने याच्यासाठी पत्रं लिहिलीत, म्हणून पाठ आहे मला.

शलाका: आणि तिकडे नेता येत नसेल तर दूध काढून फ्रीजमध्ये ठेवता येतं. पण त्यालाही स्वच्छ, कडी लागणारी खोली हवी. बाथरूममध्ये उभं राहून नव्हे.

वाद मिटला असं मी म्हणणार नाही. काट्यावर दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही. आत्यांचं म्हणणं, बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत काटा माळ्यावर टाका, बाई रोज त्याच्यावर चढून रोज खचते. शलाकाचं म्हणणं, रोज नको, पण महिन्यातून एकदा कंबर मोजायचीच, आणि सोमवारची साखर जास्त आली तर वाढदिवसाची वाट बघता येणार नाही. मी शलाकाच्या बाजूची आहे, पण एका अटीवर, आणि ती अट आत्यांकडून उचललेली आहे: बाईकडून कंबर कमी करायची अपेक्षा ठेवणाऱ्या घराने आधी तिच्या झोपेचे तास आणि चालायला जायची वेळ वाढवून द्यावी. नाहीतर आहाराचा तक्ता म्हणजे दमलेल्या बाईवर लादलेलं आणखी एक काम. भारतात बाळंतपणानंतर नैराश्य येणाऱ्या आयांचं प्रमाण २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात बावीस टक्के आलं होतं. आईला सतत रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर वजन हा त्या महिन्याचा विषयच असू शकत नाही. वजन वाढतच असेल, केस गळत असतील, थकवा हटत नसेल, तर थायरॉइड तपासावं. बाळंतपणानंतरच्या वर्षात ते बिघडणं बरंच आढळतं.

संध्याकाळी गौरीचा नवरा ऑफिसातून आला तेव्हा आत्यांनी त्याला चहाही घेऊ दिला नाही.

आत्या: रात्री अकराच्या पाजण्यानंतर बाळाची ढेकर काढणं, दुपटं बदलणं, झोपवणं तुझं. पहाटे चारला बाळ हिच्याजवळ आणून द्यायचं, पाजून झालं की परत घ्यायचं. आणि संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात बाळ तुझ्याकडे. ही चालायला जाणार.

तो म्हणाला, “रोज?”

आत्या: रोज. आणि सोमवारी अर्धी रजा टाक. हिच्या रक्ताची तपासणी आहे, दोन तास बसावं लागतं, बाळ बरोबर न्यावं लागेल.

गौरी तोवर लॅपटॉप उघडून कंपनीला पत्र लिहीत होती. पाळणाघर आहे का, कुठे आहे, पाजायच्या सुट्ट्या कशा घ्यायच्या, दूध काढायला खोली कोणती. शलाकाने वाचून एक ओळ वाढवायला सांगितली: उत्तर लेखी हवं.